विटांवरची गाडी

आमच्या घरी पाहुण्यांसाठी सोनेरी काठाच्या कपबशा होत्या, आणि त्या पाहुण्यांनाही मिळत नसत. मी सून म्हणून सौंसरला आले तेव्हा त्या काचेच्या कपाटात होत्या. माझा मुलगा शाळेत जायला लागला तरी तिथेच होत्या. सासूबाई म्हणायच्या, "जावयासाठी हायेत त्या." आणि जावई आले की सासरे म्हणायचे, "घरचाच माणूस हाय, स्टीलच्या गिलासात दे ना. त्याले कायले परकं करता?"

हे माझे सासरे, रघुनाथराव धोटे. मी त्यांना मामाजी म्हणत असे. त्यांच्याकडे चांगलं घड्याळ होतं, पण ते रुमालात गुंडाळून फडताळात ठेवलेलं. वेळ पाहायची असली की मामाजी फाटकाशी येऊन नागपूरची बस गेली का ते कोणाला तरी विचारत. छत्री घेऊन निघालेला माणूस ती बगलेत जपून धरून भिजत घरी आलेला मी त्यांच्याच रूपात पाहिला.

त्यांना चिक्कू म्हणणाऱ्यांची मला चीड येई. आमचा संत्र्यांचा बगीचा घरामागेच होता, लोधीखेड्याच्या रस्त्याला लागून. तोडणीला येणाऱ्या बायांची मजुरी त्यांनी कधी थकवली नाही. वर संध्याकाळी प्रत्येकीच्या पदरात संत्री टाकत. द्यायला त्यांचा हात आखडत नव्हता. वस्तू झिजलेली मात्र त्यांना पाहवत नसे. गरिबीतून वर आलेल्या माणसाला असं काहीतरी वेड असतं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

अशा माणसाच्या दारात शहाऐंशी साली मोटार आली.

माझे यजमान भिलाईला कारखान्यात होते. त्यांनी त्या नव्या छोट्या मारुती गाडीसाठी नाव नोंदवलं होतं, आणि नंबर लागला तेव्हा क्वार्टरसमोर गाडी ठेवायला जागा नाही म्हणून ती सौंसरला पाठवून दिली. पांढरीशुभ्र. मामाजींनी त्या वयात बगीच्याच्या मोकळ्या पट्ट्यात फेऱ्या मारून ती शिकून घेतली. सीटवरचं प्लॅस्टिक त्यांनी कोणालाही काढू दिलं नाही. उन्हाळ्यात सासूबाई त्यावर बसल्या की म्हणायच्या, "पाठ भाजून निघते माही. ही गाडी हाय का तवा?"

दर शनिवारी दोघं गाडीनं जामसावळीला हनुमानाच्या दर्शनाला जात. परत आले की गाडी टिनाच्या शेडमध्ये, वर सासूबाईंनी जुन्या लुगड्यांची शिवलेली खोळ. मग थेट पुढच्या शनिवारी. गल्लीतले लोक म्हणत, "रघुनाथरावनं मारुती घरात बसवला, पण दर्शन शनिवारीच."

पहिल्या वर्षीचा विमा यजमानांनी भरला होता. दुसऱ्या वर्षी तो भरायची वेळ मामाजींवर आली, आणि विम्याचा एजंट प्रकाश पांढुर्ण्याहून लूनावर आला. बोलका पोरगा. चहा फुंकत त्यानं हप्ता सांगितला आणि मामाजी खाटेवर ताठ झाले.

"आठ दिवसातून एक दिवस गाडी निघते, आणि विमा रोजचा? पंखा बंद असला त बिल येते का?"

"काकाजी, विमा काही पंखा नाही."

"मंग काय हाय?"

प्रकाश हसला, आणि बोलता बोलता नको ते बोलून गेला. "नागपूरले एका घरी इंग्रजाच्या काळातली मोटार हाय. वर्षातून एकदोनदा मिरवणुकीत काढतात, बाकी झाकून. अशा जपलेल्या जुन्या गाड्यायले कंपनी सूट देते. निम्म्याहून कमी पडते त्याईले."

"माही बी जपलेलीच हाय."

"पण तुमची नवी हाय ना, काकाजी!"

"जुनी व्हाले काय लागते? मी अशीच जपतो. होईल जुनी."

आम्ही सगळे हसलो. मामाजी हसले नाहीत. त्यांना त्यात खरोखरच न्याय दिसत होता. गाडी कमी वापरायची म्हणून सूट, तर त्यांच्याहून कमी कोण वापरतं? त्या दिवसापासून जुन्या मोटारीचा विमा आपल्या नव्या गाडीला मिळवायचा, हा त्यांना ध्यासच लागला.

प्रकाशला घेऊन ते पांढुर्ण्याला गेले, छिंदवाड्याला गेले. सगळीकडे बसनं, गाडी झिजू नये म्हणून. छिंदवाड्याला एक बाबू म्हणाला, "दादाजी, ये तो कल की पैदाइश है. पच्चीस साल बाद आना." मामाजींनी घरी येऊन हे आम्हाला सांगितलं ते रागानं नाही, विचार करत. पंचवीस वर्षांनी आपण कुठे असू, याचा ते हिशेब करत असावेत.

शेवटी नागपूरला एका कंपनीच्या वयस्क साहेबांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. नवी गाडी जुनी म्हणून लावता येणार नाही, पण उभ्या गाडीचा म्हणून सवलतीत विमा देता येईल, असं ते म्हणाले. अट एकच. देवदर्शन, मिरवणूक आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच गाडी रस्त्यावर आणायची. दुसऱ्या कामाला काढली आणि काही झालं, तर कंपनी बघणार नाही. सही घेताना साहेब हसून म्हणाले, "लिहून सगळेच देतात हो. मग सासुरवाडीला जातात."

ते हसणं मामाजींना लागलं. पुढच्या शनिवारी त्यांनी प्रकाशला साक्षीला म्हणून जामसावळीला नेलं, हातात नारळ घेतला आणि देवासमोर मोठ्यानं म्हणाले, "देवाच्या कामाशिवाय ही गाडी मी दाराबाहेर काढणार नाही."

प्रकाश संकोचून म्हणाला, "काकाजी, कंपनीले एवढं नाही लागत."

"मले लागते."

घरी आल्यावर टायर बसू नयेत म्हणून त्यांनी गाडी विटांवर चढवली. शनिवारी सकाळी जॅक लावून खाली उतरवायची, दर्शन झालं की पुन्हा विटांवर. वाचलेल्या पैशाचा सासूबाईंनी त्यांच्या पद्धतीनं हिशेब काढला. "म्हणजे दोन झाडाची संत्री वाचली." बगीच्यात झाडं शेकड्यांनी होती. पण मामाजी सलूनमध्ये, बाजारात, बस स्टँडवर सगळ्यांना सांगत सुटले की नागपूरच्या साहेबानं आपलं ऐकलं.

आता पंचफुलाबाईंबद्दल सांगते.

नाल्यापलीकडे बौद्ध वस्ती होती, तिथल्या त्या. नवरा लवकर गेला. एकच मुलगी, सुमन. तिला त्यांनी बगीच्यात काम करून वाढवली, मॅट्रिकपर्यंत शिकवली आणि मोहगावला दिली. आमच्याकडे संत्री छाटायला बसणाऱ्या बायांत त्या सगळ्यांत जुन्या. मोठी, मधली, बारीक अशा राशी लावता लावता त्यांची चेष्टा चाललेली असे. मामाजींनाही सोडत नसत. "मालक, ही खाटही विटायवर चढवा ना. पाय झिजून राहिले तिचे." मामाजी हसत.

दुपारी बायांना ओट्यावर चहा मिळे. बाकीच्या आपापले गिलास आणत. पंचफुलाबाईंसाठी ओट्याच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप असे. चहा पिऊन त्या तो धुवून उपडा घालत. मी आले त्याच्या आधीपासून हे असंच होतं. त्या कपाबद्दल कोणी काही बोलत नसे. त्याही बोलत नसत.

अठ्ठ्याऐंशीच्या होळीला सुमन पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सासूबाईंनी तिच्यासाठी घरचं तूप पाठवलं होतं.

धुळवडीचा दिवस. त्या दिवशी आमच्याकडे बस नाही, टॅक्सी नाही. संध्याकाळपर्यंत रस्ते पोरांचे आणि पिणाऱ्यांचे. दुपारी मामाजी अंगणात खाटेवर बसले होते, कपाळाला गुलाल. मी पुरणाची भांडी घासत होते. तेवढ्यात पंचफुलाबाई धावत आल्या. डोक्यावर पदर नव्हता. त्यांच्या अंगावर रंगाचा एक ठिपका नव्हता.

"मालक, गाडी काढा. सुमनचं अडलं. नर्सबाई म्हणते, माह्या हातातलं राहिलं नाही. नागपूरले न्या, आत्ताच्या आत्ता."

मामाजी उठून उभे राहिले. शेडकडे पाहिलं. "गाडी विटायवर हाय."

"उतरवा ना मंग! बाया बोलावते मी हात लावाले."

मामाजी हलले नाहीत. त्यांच्या तोंडावर मी असा गोंधळ कधी पाहिला नव्हता. ते म्हणाले, "गाडी देवाच्या कामाची हाय, पंचफुला. तिच्यात..."

आणि थांबले.

त्यांना पुढे काय म्हणायचं होतं, ते त्यांनी आम्हाला नंतर सांगितलं. तिच्यात तुझ्या लेकीला काही झालं, रस्त्यात कोणी दारुडा आडवा आला, तर कंपनी बघणार नाही, असं. पण ते बोलले नाहीत. अर्धं वाक्य अंगणात तसंच राहिलं, आणि पंचफुलाबाईंनी ते स्वतः पुरं केलं. खोळीच्या फटीतून सीटवरचं प्लॅस्टिक चमकत होतं, तिकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग मामाजींकडे पाहिलं.

"बरं, मालक," त्या म्हणाल्या आणि आल्या तशाच धावत गेल्या.

सासूबाई आतून आल्या होत्या. "उभे काय राहिले? काढा गाडी!"

"मी शब्द दिला हाय."

"कोणाले?"

"मारुतीरायाले. देवाच्या कामाशिवाय..."

"मंग हे कोणाचं काम हाय? दारू आणाले जाऊन राहिले का तुम्ही? अवो, लेकरू अडलं तिथं! देवाचं काम दुसरं काय असते?"

मामाजी खाली बसले. मग उठले. मग शेडमध्ये गेले. जॅक लावताना घाईत विटा निसटल्या आणि एक त्यांच्या पायावर पडली. गाडी खाली आली तर सुरू होईना. सासूबाईंनी आणि मी ढकलत रस्त्यापर्यंत नेली तेव्हा कुठे ती धडधडली. मामाजी एकटेच वस्तीकडे गेले.

परत आले तेव्हा गाडीत कोणी नव्हतं.

"गेली," ते म्हणाले. "देवीदासच्या ट्रकवर. संत्र्याच्या पेट्या भरून उभा होता. पेट्यायच्या मधात तणस टाकून नेली."

वस्तीत गाडी शिरली तेव्हा लोक दारात उभे होते, पण कोणी बोललं नाही, असं त्यांनी खूप दिवसांनी सांगितलं. गाडी वळवायला जागा नव्हती. त्या सगळ्यांच्या समोर ती इंचाइंचानं मागेपुढे करत त्यांना बाहेर यावं लागलं. मदतीला कोणी आलं नाही, हसलंही नाही कोणी.

नागपूरला सुमनचं ऑपरेशन झालं. मुलगी झाली, दोघी वाचल्या. पण गर्भाची पिशवी काढावी लागली. देवीदास ट्रकवाला दोन दिवसांनी रस्त्यात भेटला. तो फटकळ माणूस. त्यानं मामाजींना तोंडावर सांगितलं, "डॉक्टरीण म्हणत होती, घंटाभर आधी आणलं असतं त कदाचित वाचवली असती पिशवी. माहा ट्रक भरलेला, किती पळवू मी? तुमची गाडी पळाली असती."

मामाजींनी त्या रात्री जेवण केलं नाही. पुढच्या शनिवारी ते जामसावळीला बसनं गेले. सासूबाई सोबत होत्या. त्या सांगत होत्या की हे देवळात गेलेच नाहीत. चपला ठेवतात तिथं बसून राहिले. दर्शन घेऊन आलेले लोक त्यांच्याकडे आपल्या चपलांचे पैसे देऊ लागले. सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा मला हसू फुटलं आणि लगेच पदर तोंडाला लावावा लागला.

मी देवाचं करणारी बाई आहे. सकाळचं स्तोत्र चुकवत नाही. पण त्या दिवसांत मला राहून राहून वाटे, तो शब्द देवानं मागितलाच नव्हता. नागपूरचा एक साहेब हसला, त्याचा राग मामाजींनी देवाच्या पायावर नेऊन ठेवला होता.

पंचफुलाबाई कामाला आल्या नाहीत. बाकीच्या बाया येत. खाली मान घालून संत्री छाटत. चेष्टा नाही, गाणं नाही. चहाच्या वेळी कोनाड्यातला कप उपडाच राही. कोणी त्याला हात लावत नसे, आणि सगळ्यांची नजर मात्र एकदा तिकडे जाऊन येई.

मामाजी हेही सोसून गेले असते कदाचित. पण एक दिवस ते सलूनमधून अर्धी दाढी तशीच ठेवून घरी आले. एका गालावर साबण वाळलेला.

सासूबाई म्हणाल्या, "हे काय? लाइट गेली का?"

ते खाटेवर बसले. मग म्हणाले, "भगवंतराव होता तिथं."

भगवंतराव म्हणजे आमच्या जातीतले मोठे शेतकरी, पंगतीत पहिल्या पाटावर बसणारे.

"तो सगळ्यायच्या समोर म्हणते, बरं केलं रघुनाथराव. त्या लोकायले एकदा गाडीत बसवलं की रोजचं होते. वरून बाळंतपणाचा विटाळ. देवाची गाडी राखली तुम्ही. आणि तिथं बसलेल्यायनं माना डोलावल्या."

"मंग तुम्ही काय म्हणाले?"

मामाजींनी साबण लागलेला गाल तळहातानं पुसला. "काय म्हणू? तसं नाही म्हणू, त मंग कायसाठी ते सांगा लागते. दोन झाडाच्या संत्र्यासाठी म्हणू?"

बाहेर बाया संत्री टाकत होत्या, त्याचा आवाज येत होता.

मी त्यांची सून. त्यांच्या मनात प्लॅस्टिकचा, सीटचा, विटाळाचा विचार मुळीच आला नव्हता, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. कोनाड्यातला कप आमच्याच घरचा होता. पण भगवंतरावांनी शाबासकी दिली तेव्हा त्यांना जी लाज वाटली, ती खरी होती. ती मी डोळ्यांनी पाहिली.

सासूबाई माझ्याकडे बोट करून त्यांना म्हणाल्या, "तिच्या घरी जा. जे हाय ते सांगा. एकटे जाऊ नका, इंदूले न्या. बाळाले पाहाले म्हणून जा."

आम्ही पायी गेलो. नाल्यातलं पाणी आटलं होतं. वस्तीत शिरताना मामाजींनी टोपी काढून हातात घेतली आणि पुन्हा घातली. मी बाळासाठी झबलं शिवलं होतं.

पंचफुलाबाई दारातच तांदूळ निवडत होत्या. आम्हाला पाहून उठल्या, खाट टाकली. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, ताजी फुलं. झोळीत बाळ निजलेलं. सुमन भिंतीला टेकून बसली होती. तोंड कागदासारखं झालेलं. तिनं माझ्याकडे पाहून मान हलवली. मी झबलं दिलं, ते तिनं घेतलं.

मामाजी बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "पंचफुला, मी चुकलो."

पंचफुलाबाई तांदळात बोटं फिरवत होत्या. "मालक, तुमची गाडी, तुमची मर्जी. आम्ही मागाले नव्हतं पाहिजे. देवाच्या गाडीत आमची लेक कशी बसन?"

"तसं नव्हतं ते."

"नव्हतं?"

"नव्हतं. तुमच्या जातीपायी नाही म्हटलं मी."

"मंग कायपायी?"

आता तिथं आणखी दोनचार बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या. मामाजींच्या कपाळावर घाम दिसत होता. वाटलं, ते पुन्हा अर्ध्यावर थांबतील. पण त्यांनी सगळं सांगितलं. सवलतीचा विमा, नागपूरचा साहेब, नारळ घेऊन केलेली शपथ, विटा. दुसऱ्या कामाला गाडी काढली तर कंपनी बघणार नाही, ही धास्ती. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला, कारण जसजसं सांगत गेले तसतसं ते लहान लहान होत गेलं.

"म्हणजे किती वाचले त्याच्यात?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

मामाजी टोपी चाचपू लागले.

"सांगा ना. किती वाचले?"

"दोन झाडाची संत्री."

पंचफुलाबाईंनी सूप खाली ठेवलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कान तुटला कप मी इतके वर्षं धुवून उपडा घातला, मालक. मले त्याचं नवं काही नव्हतं वाटत. माह्या मायनंही घातला होता, तिच्या मायनंही घातला असन. त्या दिवशी तुम्ही नाही म्हणाले त मी म्हणलं, जाऊ दे, जुनंच हाय हे. जुनं सोसाची सवय हाय आमाले." त्यांनी मान वर केली. "पण दोन झाडाची संत्री? तेवढी त मी एका सकाळी छाटून ठेवते."

सुमननं भिंतीकडे तोंड केलं. झोळीतलं बाळ चुळबुळलं, आणि पंचफुलाबाई उठून दोरी ओढू लागल्या. आमच्याकडे पाठ करून.

त्यांच्या दारातून कोणी चहाशिवाय जात नसे. आम्ही गेलो.

दुसऱ्याच दिवशी मामाजी नागपूरला गेले आणि सवलत काढून पूर्ण विमा घेऊन आले. प्रकाश म्हणाला, "काकाजी, आता रोज फिरवा गाडी, बिनधास्त." मामाजींनी सीटवरचं प्लॅस्टिक फाडून काढलं. विटा बगीच्यात नेऊन टाकल्या. सासूबाईंनी कोनाड्यातला कप फोडला आणि काचेचं कपाट उघडलं. दुपारी ओट्यावर बायांना सोनेरी काठाच्या कपांत चहा मिळू लागला. त्या कप दोन्ही हातांनी धरून अवघडून पीत. शकुबाई नावाची एक म्हातारी एकदा म्हणालीच, "ज्या बाईसाठी हे काढले, ते त आलीच नाही."

मामाजी ज्याला त्याला सांगत, "काही अडलं नडलं त रात्री बेरात्री हाक मारा, गाडी हाय." गल्लीतले लोक येत. कोणाला स्टेशन गाठायचं, कोणाची परीक्षा. मामाजी नेऊन सोडत. नाल्यापलीकडून मात्र कोणी आलं नाही. संध्याकाळी ते फाटकाशी उभे राहत आणि त्या बाजूनं कोणी येताना दिसलं की खिशातल्या किल्लीवर हात ठेवत. तो माणूस नमस्कार करून पुढे जाई.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते एकटेच पुन्हा पंचफुलाबाईंकडे जाऊन आले. दसऱ्याला वस्तीतले सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. लहान बाळ, सुमनची तब्येत, म्हणून गाडीनं सोडतो, असं ते सांगायला गेले होते.

"काय म्हणाली?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणाली, आम्ही ट्रकनं जातो. सगळेजण एकासंगं."

"रागात म्हणाली?"

"नाही ना," मामाजी म्हणाले. "चांगलं बोलली."

दसऱ्याला सकाळी त्यांनी गाडी धुतली आणि पूजेसाठी दारासमोर रस्त्यावर उभी केली. झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबू. मी आरतीचं ताट घेऊन आले होते. तेवढ्यात नाल्याकडून ट्रक आला. देवीदासचाच. वर पांढऱ्या लुगड्यांची, पांढऱ्या सदऱ्यांची गर्दी, निळे झेंडे, घोषणा. आमच्या दारापाशी रस्ता अरुंद. मधे आमची गाडी. ट्रक थांबला. घोषणाही थांबल्या.

वर केबिनच्या मागे पंचफुलाबाई उभ्या होत्या. शेजारी सुमन, कडेवर बाळ, मीच शिवलेल्या, आता आखूड झालेल्या झबल्यात. पंचफुलाबाईंनी इतक्या वर्षांत मामाजींना मालक सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. त्यांनी वाकून पाहिलं आणि सरळ आवाजात म्हणाल्या,

"वो रघुनाथराव, गाडी घ्या ना जरा मांगं. आमाले उशीर होऊन राहिला."

"हो, हो. घेतो," मामाजी म्हणाले.

ते घाईनं आत बसले. पहिल्याच किल्लीला गाडी सुरू झाली. चाकांखालची लिंबं चिरडली, हार एका बाजूला घसरला. त्यांनी मागे मागे घेत गाडी पार शेडच्या भिंतीला टेकवली. ट्रक घरघरत आमच्या दारावरून गेला. मामाजी इंजिन बंद न करता आतच बसून होते, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून. माझ्या ताटातली ज्योत वाऱ्यानं विझली होती. ती पुन्हा लावायला मी आत गेले.